मेलेला फाटा

"तुम्हाला कधी एखाद्या घराची भीती वाटलीये का? म्हणजे, काम करताना?"

नेलने एका दमात विचारून टाकलं आणि गाल आतून चावून धरले. झोया आणि इमी या मैत्रिणींनी पैज लावली होती. बॉयलरवाला आला की हा प्रश्न विचारायचा, आणि तोही न हसता. हसलीस तर हरलीस. मागच्या उन्हाळ्यापर्यंत ही नेल क्रॅबट्री वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. मग शाळेच्या नाटकात ऐन वेळी कुणीतरी आजारी पडलं, नेलला स्टेजवर ढकललं गेलं, सगळा हॉल हसला, आणि हसला तोही बरोबर जागी. तेव्हापासून तिच्या तोंडाला खीळ म्हणून उरली नव्हती. "हिला बंद करायचं बटण कुठे आहे?" असं डॅड दिवसातून एकदा तरी विचारायचा.

बॉयलरवाला डेझ अक्रॉइड स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणा पडला होता. तोंडात टॉर्च, नजर बॉयलरच्या पोटाखाली. त्याने टॉर्च काढून शर्टाला पुसला.

"वाटलीये की. टॉडमॉर्डनला एक बाई होती. तिच्याकडे पूडल होता, एवढासा. पोटरीवर खूण आहे अजून. दाखवू?"

"कुत्र्याची नाही हो! घराची."

"घराची कशाला वाटेल? घर म्हणजे दगड, लाकूड आणि कुणीतरी घाईघाईत केलेलं प्लंबिंग." डेझने टॉर्च पुन्हा दातांत धरायला नेला आणि मधेच थांबला. "एक मात्र आहे, पोरी. पाणी जातं ते कुठेतरी जातंच. घर पाणी पीत नाही."

नेलला हसू आलं नाही. म्हणजे पैज ती जिंकली होती. पण का कोण जाणे, हे झोयाला लगेच कळवावंसं तिला वाटलं नाही.

प्रश्न खरा तोच होता. पाणी जातं कुठे?

बॉयलरमध्ये तापलेलं पाणी घरभरच्या रेडिएटरांतून फिरतं आणि परत बॉयलरमध्ये येतं. तेच ते पाणी, वर्षानुवर्षं. बॉयलरच्या पुढ्यात दाब दाखवणारी छोटी तबकडी असते. तिचा काटा हिरव्या पट्ट्यात उभा असला की सगळं आलबेल. क्रॅबट्रींच्या घरचा काटा रात्रीतून लोळण घ्यायचा. सकाळी शून्य. बॉयलर लाल दिवा लावून रुसलेला, खिडक्यांच्या काचांना आतून पाणी सुटलेलं. मग डॅड सपाता फटफट वाजवत यायचा, बॉयलरखालच्या चंदेरी नळीचा नळ सोडायचा, ताजं पाणी खळखळत आत शिरायचं आणि काटा डोळे चोळत उठावा तसा हळूहळू वर यायचा.

"पाजलंस का बाळाला?" मम, म्हणजे नेलची आई, जिन्यावरून ओरडायची.

हा विनोद नेलची धाकटी बहीण मेबल जन्मायच्या आधीचा. नंतर तो कुणी केला नाही.

मेबल यायची होती वसंतात आणि आली नाताळाच्या आधी. हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात ती काचेच्या पेटीत झोपलेली असायची, डोक्यावर नेलच्या मुठीएवढी लोकरी टोपी. आता ती पेटीबाहेर आली होती, दूध पीत होती, वजन धरत होती. पण तिथल्या नर्सने ममला स्पष्ट सांगितलं होतं, "घर एकसारखं गरम असेल तरच सोडू. आज ऊब, उद्या गारठा असं चालणार नाही. तिला स्वतःची ऊब अजून धरून ठेवता येत नाही." मम रोज बसने हॅलिफॅक्सला जायची आणि अंधार पडता पडता रिकाम्या हाताने परत यायची. कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहायची, आधी काट्याकडे बघायची, मग कोट काढायची.

डॅडला हे बघवत नव्हतं. दोष त्याचाच, असं त्याने मनाशी घेतलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी हिवाळ्यासाठी सगळी घड्याळं तासभर मागे घेतात, त्याआधी हीटिंगला हात लावायचा नाही, हा क्रॅबट्री घराण्याचा धर्म. थंडी वाजतेय? स्वेटर घाल. अजून वाजतेय? दुसरा घाल. लवकर लावलं असतं तर दोष लवकर कळला असता. आता भर हिवाळा होता, आणि हेब्डन ब्रिज या त्यांच्या गावाच्या दरीत दुपारीच सूर्य डोंगराआड गेला की गारवा कालव्यावरून पायऱ्या चढत थेट दारात येऊन उभा राहायचा.

डेझने एकेक शक्यता निकालात काढायला सुरुवात केली. बाहेरच्या भिंतीतून तांब्याची एक नळी डोकावते, दाब फार वाढला की बॉयलर तिथून पाणी थुंकतो. तिच्या तोंडाला त्याने ब्रेडची रिकामी पिशवी रबरबँडने बांधली. पिशवी कोरडी राहिली. नेलने प्रत्येक रेडिएटरच्या सांध्यांना टॉयलेट पेपर गुंडाळला. सगळं घर मारामारी करून आल्यासारखं बँडेज बांधून बसलं. इमीने फोटो बघून विचारलं, "जगेल का गं?" कागद कोरडे राहिले. बॉयलरच्या आत हवेचा फुगा असतो, तो डेझने सायकलच्या पंपाने भरला. काटा हिरव्यात. डॅडने टाळ्या वाजवल्या, चहा केला, बिस्किटांचा डबा उघडला.

सकाळी शून्य.

पुढच्या खेपेला डेझने पाण्यात रंग सोडला. पोपटाला लाजवेल असा हिरवा. "जिथून गळतंय तिथे डाग पडणार. लपून लपून किती लपेल?"

डाग कुठेही पडला नाही. डॅड गुडघ्यांवर रांगत घरभर फिरला, छत बघितलं, जिन्याखाली घुसला आणि कोळिष्टकं घेऊन बाहेर आला. मग डेझने बॉयलर एकटा पाडला. म्हणजे त्याच्यापासून घराकडे जाणारे दोन्ही नळ बंद केले. काटा दिवसभर ढिम्म.

"बघ," तो नेलला म्हणाला. ती शाळेचं दप्तरही न उतरवता त्याच्या शेजारी उकिडवी बसली होती. "दोष शोधायचा म्हणजे एकेकाला खोलीबाहेर काढायचं. ज्याला काढल्यावर चोरी थांबते, तो चोर. बॉयलर सुटला."

मग एकेक रेडिएटर बंद करून पाहिला. शेवटी तर सगळेच बंद केले. पाण्याला जायला जागाच ठेवली नाही.

काटा पडलाच.

"मग आता कोण उरलं?" नेलने विचारलं.

डेझने जमिनीवर बुटाची टाच आपटली. "खोल्यांच्या फळ्यांखालचे पाइप."

आता हेब्डन ब्रिजमधली ती घरं अशी, की डोंगर उभा म्हणून जुन्या लोकांनी घरावरच घर चढवलं. वरच्या घराचं दार वरच्या गल्लीत, खालच्याचं खालच्या. क्रॅबट्रींचं घर वरचं. त्यांच्या खालीही एक घर होतं, पण आता ते घर राहिलं नव्हतं. कधीकाळी त्याची मागची भिंत फुगली, डोंगर आत येऊ लागला, तेव्हा जमिनीपासून छतापर्यंत ते दगड आणि काँक्रीटने भरून टाकलं. खालच्या गल्लीतून पाहिलं तर दार आणि खिडक्या होत्या तिथे काळ्या दगडांत जरा कमी काळे दगड दिसतात, एवढंच.

डेझ फळ्या उचलायला येणार त्याच्या आदल्या दुपारी नेल शाळेतून थेट खालच्या गल्लीत गेली. पाणी काँक्रीटमधून झिरपत खाली येत असेल तर हिरवा ओघळ तिथे दिसायला हवा, असा तिचा हिशोब होता. झोया फोनवर होती.

"दिसलं का काही?"

"हिमकण. सगळी भिंत पांढरी झालीये. थांब."

सगळी नव्हती. बुजवलेल्या एका खिडकीपुरते दगड उघडे होते, ओलसर, आणि त्यांच्या फटींतून शेवाळ उगवलं होतं. भर जानेवारीत, हिरवंगार. नेलने हातमोजा काढला आणि तळवा टेकवला. दगड कोमट होता. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखा.

"माझी जागा चोरतेस होय गं?"

शेजारच्या दारातून मिसेस हॉर्सफॉल आल्या होत्या. हातात ओले लोकरी मोजे. त्यांनी ते दगडांच्या कडेवर नीट पसरले.

"ही भिंत गरम का आहे?" नेलने विचारलं.

"ती असतेच तशी. माझी आई इथेच मोजे वाळवायची. मी तुझ्याहून लहान होते तेव्हा."

"पण तेव्हा तर बॉयलरच..." नेल अडखळली. "तेव्हा आमच्याकडे कोण राहायचं?"

"म्हातारा बेंट. एकटा जीव. अस्सा कोळसा जाळायचा, चिमणी लालबुंद व्हायची म्हणे." मिसेस हॉर्सफॉलनी एका मोज्याची सुरकुती सरळ केली. "तरी गारठूनच गेला बिचारा. लोक दार फोडून आत गेले तर शेगडी धडधडत होती."

फोनमधून झोया म्हणाली, "काय म्हणतायत? मला नीट ऐकू नाही आलं."

"काही नाही," नेल म्हणाली. "भिंत गरम आहे."

"खाली कुणाचा तरी हॉट टब असणार," झोयाने निकाल दिला. नेल हसली, जरा जास्तच मोठ्याने, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली.

मागची खोली डॅडने पिवळी रंगवली होती. घरातली सगळ्यात लहान, म्हणून सगळ्यात लवकर तापणारी. मम आणि मेबल तिथेच झोपणार होत्या. पाळणा भिंतीला लावून ठेवला होता, त्याच्या दांड्यांवर अजून दुकानाचं प्लॅस्टिक. डेझने तो अलगद बाजूला केला आणि खोलीच्या मध्यावरच्या फळ्या एकेक करून उचलल्या. जुने खिळे कण्हत निघाले.

खाली धूळ होती, एक वाळलेली माशी होती, आणि रेडिएटरकडे जाणारे दोन पाइप होते. त्या दोन्हींना मधेच फाटा फुटला होता. फाट्याचे पाइप शेजारी शेजारी खाली वळले होते आणि सरळ काँक्रीटमध्ये शिरले होते.

"हे कुणी केलं?" डेझने विचारलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" डॅड म्हणाला. "मला चित्र टांगायला खिळा ठोकता येत नाही."

"पण खालचं घर भरलं तेव्हा या गल्लीत कुणाकडे हीटिंग नव्हतं," नेल म्हणाली. "सगळ्यांकडे कोळसा होता. मग भरीव काँक्रीटमध्ये नंतर पाइप घातलाच कसा?"

डेझने वाकून पाहिलं. पाइप शिरले होते तिथे काँक्रीटला ना चीर होती, ना छिन्नीची खूण. आणि तांबं नव्या नाण्यासारखं चकचकत होतं.

डेझने एका पाइपला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. खरंच चटका बसला होता. मग त्याने दुसऱ्याला, खालून परत येणाऱ्या पाइपाला हात लावला. या वेळी बोट लवकर सुटेना. सुटलं तेव्हा पाइपावर त्याच्या कातडीचा पुसट ठसा राहिला, आणि भोवती पांढरा बारीक हिमकणांचा थर.

"गरम पाणी जातं," तो हळू म्हणाला, "तर कोमट होऊन परत यायला हवं. रेडिएटर केवढाही असो. बर्फ होऊन नाही."

"खाली ओल असेल," डॅड म्हणाला.

"असेल."

डेझने पिशवीतून लांब पेचकस काढला. टोक पाइपावर, मूठ कानाच्या मागच्या हाडाला. पाणी कुठे पळतंय ते असं ऐकू येतं. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"मला! मला ऐकू द्या ना," नेल म्हणाली. एरवी तो लगेच देत असे. आज त्याने डॅडकडे पाहिलं, आणि मग दिला.

आधी नुसती सळसळ. पाणी धावतंय. मग सळसळ थांबली. मग एक आवाज, ओला, लहानसा, आणि शांतता. मग पुन्हा सळसळ. पुन्हा तोच आवाज.

हॉस्पिटलात मम मेबलला पाजायची तेव्हा नेल शेजारी बसून ऐकायची, दूध घशाखाली उतरताना होतो तो आवाज. हा तोच होता. फक्त घसा फार मोठा होता.

डेझने पेचकस तिच्या हातातून काढून घेतला.

"काय ऐकलंस?"

"पाणी," नेल म्हणाली.

"हं. पाणीच."

डेझच्या धंद्यात अशा कुठेच न पोचणाऱ्या पाइपाला मेलेला फाटा म्हणतात. तो कापायचा, तोंडावर टोपी बसवायची आणि विसरून जायचं. डेझने तेच केलं. फक्त खाली जाणाऱ्या तुकड्याच्या तोंडावर टोपी बसवताना त्याने मान दुसरीकडे वळवली, जणू त्या भोकातून वारा येत होता. फळ्या परत ठोकल्या. पाळणा जागेवर सरकवला.

डॅडने चहाचा मग पुढे केला. डेझने कधी कुणाच्या घरचा चहा नाकारला, असं त्या दरीत कुणी सांगू शकलं नसतं. त्याने मग घेतला, दोन्ही हातांत धरला, खिडकीत ठेवला, हत्यारं उचलली आणि निघून गेला. मग भरलेलाच होता. नेलने उचलला तर गार.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा हिरव्यात होता. त्याच्या पुढच्या सकाळीही. रंगवल्यासारखा स्थिर. डॅड त्याचे फोटो काढून बसस्थानकावर बरोबर काम करणाऱ्या मित्रांना पाठवत होता. रेडिएटर इतके तापले की घराण्याचा धर्म बाजूला ठेवून डॅड टी-शर्टवर फिरायला लागला.

आणि मेबल घरी आली.

झोया आणि इमी फुगे घेऊन आल्या. इमी म्हणाली, "ही तर माझ्या मांजरापेक्षा लहान आहे." मम हसली. कोट काढून हसली. नेलला वाटलं आपण आता छताला डोकं लावून नाचू शकू.

पहिल्या संध्याकाळी ममने मेबलच्या काखेत थर्मामीटर धरला आणि पुन्हा धरला.

"मोडलाय बहुतेक," ती म्हणाली. डॅड नवा घेऊन आला. नव्यानेही तेच सांगितलं.

मेबल गार होती. तिला दोन स्वेटर घातले, टोपी घातली, ममने तिला उघड्या छातीशी धरून वर शाल घेतली. घरात सगळ्यांच्या कपाळावर घाम आणि मेबलचे तळपाय नदीतल्या गोट्यांसारखे. तपासायला आलेल्या नर्सने रेडिएटरला हात लावून पाहिला, भुवया उंचावल्या आणि म्हणाली, "घर तर छान तापलंय. दूधही पितेय. मग ऊब जाते कुठे?"

नेल दारात उभी होती. पाणी जातं कुठे, हा तोच प्रश्न होता.

"पुन्हा छत्तीस अंशांच्या खाली उतरली तर परत न्यावं लागेल," नर्स जाताना म्हणाली. "आणि सारखं असं होत राहिलं, तर एवढ्या लहान जिवाला ते झेपत नाही."

शनिवारी दुपारी नेल मेबलला बाबागाडीत घालून कालव्याकाठी घेऊन गेली. पाण्यावर पातळ बर्फ होता, बदकं वैतागून काठावर बसली होती. मेबलचे गाल गुलाबी झाले. मुठी गरम झाल्या. ती चक्क रडली, ठणठणीत, रागावून.

घरात आणलं. स्वयंपाकघरातच, मागच्या खोलीत नेलंसुद्धा नाही. रडणं बारीक झालं. मग थांबलं. ओठांचा रंग उतरला.

एकेकाला खोलीबाहेर काढायचं. मेबलला बाहेर काढलं होतं. मेबल सुटली. म्हणजे चोर घरातच होता.

मम दमून सोफ्यावर झोपली होती, डॅड तिच्यासाठी सूप करत होता. नेलने मेबलला डॅडच्या खांद्यावर दिलं, किटली लावली आणि रबरी पिशवीत उकळतं पाणी भरलं. ती पिशवी घेऊन ती मागच्या खोलीत गेली. पाळणा सरकवला. नवे ठोकलेले खिळे चमकत होते. त्यांच्या बरोबर मध्ये तिने पिशवी ठेवली.

आणि परत येऊन डॅडशेजारी उभी राहिली.

"आता काय झालं?" डॅड म्हणाला. "तू गप्प? डॉक्टर बोलवू का?"

"थर्मामीटर दे."

काखेत धरला. आकडा चढला होता. थोड्या वेळाने आणखी चढला. मेबलने जांभई दिली आणि डॅडचा टी-शर्ट मुठीत धरला. गरम मुठीत.

नेल मागच्या खोलीत धावली. पिशवी ताठ झाली होती. उचलली तर आत बर्फ खडखडला.

तिने किटली पुन्हा लावली.

दुसरी पिशवी. मेबल गुलाबी.

पिशवी उचलून घेतली. मेबल पांढरी.

पुन्हा ठेवली. आता किटलीला उकळायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाही वेळ पिशवी टिकेना. ममची पिशवी, डॅडची पिशवी, उकळत्या पाण्याचं पातेलं. पातेल्यावर साय धरावी तसा बर्फ धरला.

फळ्यांखाली सळसळ नव्हती. पाइप कापलेला होता. तरी तो आवाज येत होता, ओला, लहानसा. मधली शांतता आता उरली नव्हती.

नेलने डेझला फोन लावला. त्याने नाव विचारलं नाही, काम विचारलं नाही. 

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "मी आता स्कॉटलंडात आहे, पोरी, बहिणीकडे. सोमवारी सकाळी परत जोडून देतो. तोवर... तोवर त्याला काहीतरी देत राहा."

नेलने फोन ठेवला. मागच्या खोलीत गेली. तिने मोजे काढले, स्वेटर काढला आणि उघडे तळवे त्या खिळ्यांच्या मध्ये टेकले.

सुरुवातीला गुदगुल्या झाल्या. मग मुंग्या आल्या. मग काहीच नाही.

ती तशीच बसून राहिली.

स्वयंपाकघरातून डॅड ममला नावाने हाक मारत होता, "जो! जो, उठ, बघ हिच्याकडे!" मग ममचं हसू, आणि मेबलचा सणसणीत आवाज, भूक लागल्याचा, जिवंत.

संध्याकाळी सूप वाढलेलं होतं. खिडक्यांवर वाफ धरली होती, डॅडने कपाळाचा घाम बाहीला पुसला. मेबल ममच्या मांडीवर गाढ झोपली होती, टोपी काढून, केस ओले. नेल आत आली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. पिशव्या, पातेलं, डेझ. भराभरा, हातवारे करत, नेहमीसारखं, मधेच मिसेस हॉर्सफॉलची नक्कलसुद्धा करून. डॅड दोनदा "नेल, अगं" म्हणाला आणि दोन्ही वेळा थांबला.

मम तिच्याकडे निरखून बघत होती. "नेल, तुझे ओठ..."

"मला कळतंय. ऐक ना आधी."

डॅडने तिला बसवायला तिचा हात धरला. आणि दचकून सोडला.

"तर मी ठरवलंय," नेल म्हणाली. तिच्या तोंडातून वाफ निघत होती, त्या घामट स्वयंपाकघरात, पांढरी, भर गारठ्यात निघावी तशी. "मेबलने तुमच्याजवळ झोपायचं, इकडे पुढच्या खोलीत. सोमवारपर्यंत मागच्या खोलीत मी झोपणार, फळ्यांवर. रडू नकोस ना, मम. माझ्यात तिच्यापेक्षा कितीतरी जास्त ऊब आहे."